कागदावर चालवायचं पिस्तूल

मी आयुष्यात एकच पिस्तूल निवडलं आणि ते उत्तम निवडलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण धारूरच्या बाजारात अजून दोन-चार म्हातारे शिल्लक आहेत आणि मी दिसलो की ते एकमेकांना कोपरानं ढोसतात. "आप्पाच्या पोरानं हैदराबादेहून पिस्तूल आणलतं, पार वाकडं मारायचं बे." ते वाकडं मारत नव्हतं. हे लिहायला बसलो त्याचं अर्धं कारण तेवढंच आहे. उरलेलं अर्धं माझे वडील.

आमचं घर लिंगायत वाण्यांचं. निजामाचा अंमल होता तेव्हाची गोष्ट. किल्ल्याच्या खालच्या अंगाला पेठेत आमचं दुकान होतं. धान्य, सरकी, गूळ, दोरखंड असला माल. घरात हत्यार म्हणाल तर विळी आणि पोती शिवायचा दाभण. अशा घरात माझ्यासारखा नेमाचा वेडा कसा निपजला हे आईला शेवटपर्यंत कळलं नाही.

वेड लावलं शेजारच्या जमादारानं. तो सरकारी पलटणीतून निवृत्त होऊन आला होता आणि त्याच्याकडे परवान्याचं एक जुनं रिव्हॉल्व्हर होतं. डोंगराच्या पायथ्याशी मातीचा उंचवटा बघून त्यापुढं तो एक कागद लावायचा. कागदावर काजळीनं काढलेला काळा गोल. त्या गोलाला म्हणायचं चांद, आणि या सगळ्या खेळाला चांदमारी. पंचवीस पावलांवर उभं राहायचं, एकच हात सरळ लांब करायचा, दुसरा कमरेमागं ठेवायचा आणि चांदाचा मध्य गाठायचा. महिन्यातून पाच गोळ्या माझ्या वाट्याला यायच्या. उरलेले दिवस रिकाम्या हत्याराचा चाप ओढायचा. "गोळी कुनीबी उडवतंय," जमादार म्हणायचा, "चाप वढताना नळी हालली न्हाई पायजे." मी सतरा वर्षांचा होईपर्यंत त्याच्या जुनाट रिव्हॉल्व्हरनं पाचातल्या चार गोळ्या काळ्यात घालत होतो.

मग जमादार मोमिनाबादेला लेकीकडे कायमचा राहायला गेला आणि हत्यारही त्याच्याबरोबर गेलं. मी दुकानात बसून शेराचं वजन हातात धरून हात लांब करायचो आणि मनात शंभर म्हणेपर्यंत खाली आणायचो नाही. गिऱ्हाइकं विचारायची, "शेटजी, पोराला काय झालंय? वारं गेलंय का हातावरनं?" आप्पा हसायचे. त्यांना सगळे आप्पाच म्हणायचे, मीही.

बीडला दरसाल हुजूरांच्या, म्हणजे निजामाच्या, वाढदिवसाचे खेळ व्हायचे आणि त्यात पिस्तुलाची चांदमारी असायची. पोलिसातले लोक, अंमलदार, आणि रयतेपैकी ज्याच्या घरी परवाना असेल तो, असं कुणीही उतरावं. जिंकेल त्याला हैदराबादच्या मोठ्या सामन्याला पाठवायचे. एकदा जमादाराबरोबर मी तो सामना बघायला गेलतो. रांगेत देशमुखांची पोरं होती, पोलीस होते, एक दाढीवाला वकील होता. मी दोरीजवळ उभा राहून मोठ्यानं म्हणालो की त्या तिसऱ्याचा चाप झटक्यानं ओढला जातोय. तो तिसरा एका देशमुखाचा पोरगा निघाला. वळून म्हणाला, "वान्यानं तागडी धरावी बे, तोंड कावून चालवतूस?" रांगेतले सगळे हसले. जमादारही हसला, ते जास्त लागलं. त्या दिवसापासून मला त्या रांगेत उभं राहायचं होतं आणि जिंकायचं होतं. दुसरं काही नको होतं.

आप्पांना हे सांगायला मी एक वर्ष घेतलं. नाही म्हणतील याची खात्रीच होती. ते दुकान बंद करून कपाळाचं भस्म पुसत होते, तेव्हा बोललो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बगू." आमच्या घरात 'बगू' म्हणजे विषय संपला. पण पंधरा दिवसांनी ते बाजाराच्या कामाला बीडला गेले आणि येताना उर्दूत लिहिलेला, शिक्का मारलेला पिस्तुलाचा परवाना घेऊन आले. स्वतःच्या नावावर. मी तो कागद उलटा धरून बघत राहिलो.

"दोन गोष्टी," आप्पा म्हणाले. "कागद सोडून कशावर चालवायचं न्हाई. पाखरू बी मरता कामा न्हाई. आन दुसरं, पिस्तूल तूच निवड. तुला त्यातलं कळतंय. पर निवडशील ते एक नंबर निवड. कुनी नाव ठिवलं न्हाई पायजे."

मी गोदामात जाऊन सरकीच्या पोत्यांमागं रडलो. एकोणीस वर्षांचा घोडा, मिशी फुटलेला, हमसून हमसून रडलो. बापाला आपण ओळखलंच नाही असं वाटलं. आज वाटतं की तेव्हाच ओळखायला हवं होतं; एवढ्या मोठ्या अंमलदाराची सही पंधरा दिवसांत कुणाला मिळते? पण पोराला आनंद झाला की तो असले हिशेब करत नाही.

आम्ही बैलगाडीनं परळीला गेलो आणि तिथून रेल्वेनं हैदराबादेला. मी पहिल्यांदाच आगगाडीत बसलो होतो, पण खिडकीबाहेर काय होतं ते विचारू नका. आप्पांनी मला विचारलं, "चांगलं पिस्तूल मंजी काय, सांग बरं?" आणि मी विकाराबादेपर्यंत बोलत होतो. चाप कसा असावा, माशी म्हणजे काय, नळी लांब का असावी. नळीच्या टोकाशी जो बारीक खिळा असतो ती माशी. मागच्या खाचेतून ती बघायची आणि तिच्यावरून चांद. आप्पा ऐकत होते, मध्येच नेमका प्रश्न विचारत होते. "मंजी माशी जाड आसली तर चांद झाकून जाईल?" जन्मात त्यांनी माझं इतका वेळ ऐकलं नव्हतं. माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा दिवस कोणता असं कुणी विचारलं तर मला तो आगगाडीचा दिवस सांगावा लागेल, आणि याचाच मला संताप येतो.

हत्यारांच्या दुकानातला म्हातारा मालक माझ्यापेक्षा आप्पांच्या पागोट्याकडे जास्त बघत होता. आप्पांनी माझ्याकडे बोट केलं आणि ते बाजूला जाऊन बसले. म्हाताऱ्यानं तीन पिस्तुलं मांडली.

पहिलं होतं फिरत्या कोठ्यांचं, सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर. देखणं, वजनदार. मी त्याचा रिकामा चाप ओढून बघितला. चाप लांबवर ओढावा लागत होता आणि मध्येच अडखळत होता. दहा गोळ्यांनंतर हात थरथरायला लागला असता. ते बाजूला ठेवलं. दुसरं होतं चपटं, आपोआप गोळी भरणारं, नव्या पद्धतीचं. म्हाताऱ्याला तेच विकायचं होतं, कारण त्यानं त्याचं कौतुक दोनदा केलं. त्याचा चाप हलका होता, पण मूठ आखूड आणि नळी तोकडी. नळी तोकडी असली की माशी आणि खाच जवळ येतात आणि हाताची बारीकशी चूक डोळ्याला दिसतच नाही. गोळी मात्र ती चूक कागदावर दाखवते.

तिसरं म्हातारा काढायलाच तयार नव्हता. एका वेळी एकच गोळी घेणारं, बारीक गोळीचं, वीतभर लांब नळीचं. "यह तो सिर्फ काग़ज़ पर चलाने का है," तो म्हणाला, "इससे चिड़िया भी मुश्किल से मरेगी." मी म्हणालो, तेच दाखवा.

जमादारानं शिकवलेली पारख अशी होती. डोळे मिटायचे, पिस्तूल हातात घेऊन हात सहज वर न्यायचा आणि मग डोळे उघडायचे. माशी खाचेच्या मधोमध आलेली दिसली तर मूठ आपल्या हाताची. मनगट वळवून ती मध्ये आणावी लागली तर ते पिस्तूल दुसऱ्या कुणाचं. पहिल्या दोन्ही वेळा माशी डावीकडे गेलती. तिसऱ्या वेळी डोळे उघडले तर माशी खाचेत बसलेली, दोन्ही बाजूला सारखा उजेड. पुन्हा केलं, पुन्हा तसंच. मग आप्पांकडून एक ढब्बू पैसा मागून घेतला, नळीवर आडवा ठेवला आणि चाप ओढला. चाप कोरडी काडी मोडावी तसा कट्कन सुटला आणि पैसा जागचा हलला नाही. म्हाताऱ्यानं तेव्हा पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे नीट बघितलं.

मग त्यानं मला मागच्या बोळात नेऊन मातीच्या ढिगावर वीस गोळ्या उडवू दिल्या. ते पिस्तूल कसं धरायचं ते समजावून सांगितलं. परत आलो तेव्हा आप्पा दर्शनी भागात पेटी निवडत होते. आतून हिरवी मखमल लावलेली, पितळी कड्यांची.

"आप्पा, पेटी कशाला? मी रुमालात गुंडाळून नेईन."

"चांगली वस्तू चांगल्यात ठिवावी," ते म्हणाले.

धारूरला आल्यावर मला मूठ थोडी तासून घ्यायची होती. करंगळीखाली लाकूड जरा जास्त होतं. पेठेतल्या सुतारानं ते अर्ध्या तासात केलं असतं. आप्पांनी हात लावू दिला नाही. "आली तशी राहू दी. नवी करकरीत हाय." मला वाटलं, महागाची वस्तू म्हणून जपतायत. मी करंगळी आखडून धरायला शिकलो आणि रोज सकाळी डोंगराच्या पायथ्याशी एकटाच जाऊन कागद भोसकू लागलो. आठव्या दिवशी दहाच्या दहा गोळ्या काळ्यात होत्या, आणि त्यांतल्या सहांची भोकं एका रुपयाखाली झाकली गेली असती. मी तो कागद घरी आणून आईला दाखवला. ती म्हणाली, "चांगला कागद वाया घालवलास." तरी तिनं तो देवळीत ठेवला.

सामन्याच्या आदल्या दिवशी आम्ही बीडला पोचलो. आप्पांनी सांगितलं की ज्या साहेबांनी परवाना दिला त्यांना मुजरा करायला जायचं. जिल्ह्यातले एक बडे अंमलदार. नाव आणि हुद्दा लिहीत नाही. साहेब एवढंच म्हणतो. त्यांना स्वतःला पिस्तुलाचा शौक होता आणि दुसऱ्या दिवशी ते सामन्यात उतरणार होते. "पयलं हत्यार हाय," आप्पा म्हणाले. "नजर करायचं त्यांच्याम्होरं. रीत हाय."

ही रीत मला ठाऊक होती. सणासुदीला अंमलदारांच्या भेटीला गेलं की रुमालाच्या घडीवर एक रुपया ठेवून दोन्ही हातांनी पुढं धरायचा. त्याला म्हणायचं नजर. साहेब रुपयाला बोट लावतात, 'माफ' म्हणतात, आणि रुपया घेऊन आपण मागं सरतो. मान दिला, मान घेतला, वस्तू ज्याची त्याच्याकडे. मी लहानपणापासून आप्पांच्या मागं उभं राहून हे बघितलं होतं. एकदाही रुपया परत आला नाही असं झालं नव्हतं.

तरी मी विचारलं, "परत देत्येत ना?"

आप्पा जोड्याला लागलेली माती झटकत होते. म्हणाले, "रीत हाय म्हनलं ना."

साहेबांच्या दिवाणखान्यात मी रुमालावर पिस्तूल ठेवून वाकलो. साहेबांनी ते उचललं. डोळे मिटले, हात वर नेला, डोळे उघडले. अगदी मी केलं होतं तसंच. मला त्या क्षणी तो माणूस आवडला, हे कबूल करतो. मग त्यांनी चाप ओढला आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी दुकानात माझ्या चेहऱ्यावर अनुभवलं होतं. "वाह सेठजी," ते म्हणाले, "क्या चीज़ लाए हैं!" मी रुमाल धरून वाट बघत होतो. साहेबांनी पिस्तूल मागं उभ्या असलेल्या चपराशाकडे दिलं. आप्पांनी खाली ठेवलेली मखमलीची पेटी पुढं सरकवली. चपराशानं पिस्तूल पेटीत ठेवलं, कडी लावली आणि आत घेऊन गेला.

माझे हात तसेच पुढं होते. आप्पांनी माझं मनगट धरून ते खाली केले.

मग बोलणं झालं ते केजच्या बाजाराबद्दल. केजला बाजारात आडतीची नवी जागा द्यायची होती आणि ती आप्पांना हवी होती. साहेब म्हणाले, "समझिए हो गया." आप्पा तीनदा वाकले. मी वाकलो की नाही ते आठवत नाही.

बाहेर आल्यावर मी रस्त्यातच उभा राहिलो. पेटी कुणासाठी होती, मूठ का तासू दिली नाही, आगगाडीत इतकं कौतुकानं कुणासाठी विचारत होते, सगळं एकदम डोक्यात आलं. साहेबांना पिस्तुलाची पारख होती. त्यांना आवडेल असं निवडायला पारखी माणूस हवा होता, आणि घरचाच फुकटात मिळाला.

"तुमाला ठावं व्हतं," मी म्हणालो.

आप्पा म्हणाले, "रस्त्यात न्हाई. लोक बगत्येत." आणि चार पावलं चालून, "तुला दुसरं घीऊ. आदी केजचं हूं दी."

दुसऱ्या दिवशी सकाळी रांगेत माझं नाव पुकारलं गेलं. हत्यार नाही म्हणून कारकुनानं नावावर रेघ मारली. देशमुखाचा तो पोरगा तिथंच होता. त्यानं माझ्याकडे नुसतं बघितलं. त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी निघून जाणार होतो, पण आप्पांनी हाताला धरून थांबवलं. साहेबांची पाळी होती आणि ते मला बोलावत होते.

साहेब मनानं वाईट नव्हते. त्यांना आपण काय घेतलंय हे कुणी सांगितलंच नव्हतं. आदल्या संध्याकाळी पाहुणे आले होते आणि त्यांना एकही गोळी उडवून बघायला सवड मिळाली नव्हती. ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मियाँ, सुना है तुम्हीं ने चुना है. बोलो, निशाना कहाँ रखूँ?"

हा प्रश्न नेमबाज माणूसच विचारतो. प्रत्येक हत्यार निराळं लावलेलं असतं. साहेबांच्या जुन्या रिव्हॉल्व्हरला माशी चांदाच्या मधोमध धरायची सवय असणार. पण काळ्या चांदावर काळी माशी नीट दिसत नाही, म्हणून हे पिस्तूल मुद्दाम असं लावलं होतं की माशी चांदाच्या खाली धरावी, मध्ये पांढऱ्याची बारीक फट ठेवून. गोळी बरोबर मध्यावर जाते. बोळात म्हाताऱ्यानं मला पहिली गोष्ट सांगितली ती हीच. मधोमध धरलं तर गोळी चांदाच्या वर, पांढऱ्यात.

आप्पा माझ्या मागं उभे होते. त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"ऐन चांद के बीच में, सरकार," मी म्हणालो.

पाच गोळ्या होत्या आणि प्रत्येक गोळी मीच भरून दिली. पंचवीस पावलांवरून ती मटकीएवढी भोकं दिसत नाहीत आणि पाचही उडाल्याशिवाय निशाण सांगायचं नाही असा तिथला कायदा होता. साहेबांचा हात खरोखर चांगला होता. पाचव्या गोळीनंतर कागदाजवळचा शिपाई धावत गेला, वाकून बघितलं आणि भोकांवरून बोट फिरवलं. मग त्यानं झेंडी आडवी हलवली. काळ्यात एकही नाही.

पाहुणे जोड्यांकडे बघायला लागले. कुणीतरी खोकलं. साहेबांनी कागद मागवलादेखील नाही. ते आप्पांकडे वळले, पिस्तूल त्यांच्या हातात दिलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "सेठजी, यह आप ही को मुबारक."

केजची जागा दुसऱ्याला मिळाली. मला आनंद झाला का? झाला. बीडहून धारूरपर्यंतच्या वाटेत मी गाडीत आप्पांच्या समोर बसून मनातल्या मनात नाचत होतो. घाट चढताना मात्र तो आनंद आंबायला लागला, कारण आप्पांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही. पेठेत पोचलो तोपर्यंत बातमी आमच्या आधी पोचली होती. "काय शेटजी, पोरानं भंगार उचलून आनलं म्हनं?" आप्पा प्रत्येकाला सांगायचे, "पोराची न्हाई चूक. त्या हैदराबादच्या दुकानदारानं फशिवलं. पोरगं काय करंल? मीच घाई केली." ते माझी बाजू घेत होते आणि मला ते सहन होत नव्हतं. ज्यानं मला फसवलं त्यानं निदान माझ्यावर ओरडायला तरी हवं होतं, म्हणजे मलाही ओरडता आलं असतं.

पिस्तूल माझ्याकडे परत आलं होतं आणि मी ते चालवू शकत नव्हतो. डोंगराच्या पायथ्याशी जाऊन एकदा जरी नीट नेम मारला आणि कुणी बघितलं, तर भंगार पिस्तूल एकाएकी सुधारलं कसं, हे विचारलं गेलं असतं. पुढच्या वर्षाच्या सामन्याचं नावही काढता येत नव्हतं. माझ्या खोट्यानं साहेबांचं काही बिघडलं नाही. ते पुढं बढती घेऊन गेले. अडकलो मी.

दीड महिन्यानं एका सकाळी आप्पा मला म्हणाले, "पिस्तूल आन. दुकानदाराला परत लावून द्यायचं." त्यांनी पत्राचा कागदही तयार ठेवला होता. पण आप्पांची एक सवय होती. कुठलाही माल परत करायचा तर त्यातली खोट आधी स्वतःच्या हातानं बघायची, मगच पत्रात लिहायची. समोरच्यानं उलटून विचारलं तर तोंड लपवायला लागू नये. गुळाची ढेप असो नाहीतर दोरखंड, त्यांनी कधी दुसऱ्याच्या सांगण्यावरून तक्रार केली नाही.

"मी मारून बगतो," ते म्हणाले.

जन्मात त्यांनी हत्यार हातात धरलं नव्हतं. गोदामामागच्या परड्यात दहा-बारा पावलांवरच्या पडक्या भिंतीला त्यांनी कागद चिकटवला, तांब्याचं बूड काजळीत बुडवून त्यावर चांद उठवला. दोन पोती एकावर एक रचून त्यांवर नळी टेकवली आणि सरकीच्या ढिगावर छाती टाकून ओणवे झाले. मला वाटलं आता विचारतील. विचारलं नाही. कुठं धरायचं ते त्यांना ठाऊक होतं. बीडला ते माझ्या मागंच उभे होते.

मी गोळ्या भरून दिल्या. पाच. आप्पांनी एकेक गोळी सावकाश उडवली, रास मापताना लावतात तेवढं मन लावून. मग उठून कागदापाशी गेले. पाचही भोकं चांदाच्या वर, पांढऱ्यात, एकमेकांना खेटून. त्यांनी त्यांवर अंगठा ठेवला. सगळी अंगठ्याखाली झाकली गेली.

 मग स्वतःशी बोलल्यासारखे म्हणाले, "खोटा काटा दर खेपंला निराळं दावतोय. ह्ये तर दर खेपंला तेवढंच दावतंय." अंगठा चांदाच्या मध्यावर आणला, पुन्हा वर नेला, अंतर बघितलं. "ह्यो काटा खोटा न्हाई. ह्येला पासंग हाय. तेवढं खाली धरलं की झालं." रिकाम्या तागडीचं एक पारडं जेवढं झुकतं तो पासंग, आणि चाळीस वर्षं ज्यानं तो काढला त्याला हे कुणी शिकवायची गरज नव्हती.

मी सहावी गोळी भरली.  आप्पा पुन्हा पोत्यांवर ओणवे झाले आणि त्यांनी चाप ओढला. या वेळी कागदापाशी जावंच लागलं नाही. चांदाच्या मधोमध भिंतीच्या मातीचा पिवळा ठिपका इथूनच दिसत होता.

ते उठले नाहीत. पाठमोरेच म्हणाले, "सायबानं तुलाच इचारलं व्हतं."

"व्हय."

"आन तू ग्वाड बोलून सांगितलंस."

"व्हय."

सरकीचे कण त्यांच्या बाराबंदीला चिकटले होते. ते झटकायचंही त्यांना सुचलं नाही. त्यांचा आवाज एकदम म्हाताऱ्या माणसाचा झाला. "दीड म्हैना झोप न्हाई मला. मला वाटलं, माज्या लेकराला कुनीतरी फशिवलं."

"फशिवलंच की, आप्पा," मी म्हणालो.